कर्ता ठीक, पण बहिणींचं काय?

नवी मुंबईत एकत्र कुटुंबाची जुनी घडी पुन्हा बसवावी, थोरला कर्ता आणि इस्टेट फक्त मुलग्यांची, असं काहीजण म्हणतात. एकत्र राहायला कोण अडवतंय! वडिलोपार्जित इस्टेटीचं मात्र तसं नाही. महाराष्ट्रात २२ जून १९९४ पासून मुली सहदायाद, म्हणजे जन्मतःच मुलग्यांइतक्या हिस्सेदार, आहेत. आधी लग्न झालेल्या तेव्हा वगळल्या होत्या. हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने त्याही आल्या. २० डिसेंबर २००४पूर्वीची नोंदणीकृत किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेली वाटणी मात्र टिकते. संपादित जमिनीच्या बदल्यात सिडको देते त्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडात घोळ इथेच होतो: वारसांच्या यादीतून बहिणी गाळायच्या, मग बिल्डरशी करार झाल्यावर दावा उभा. बहीण खरंच हिस्सा सोडत असेल तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. नुसती नोटरी पुरत नाही.