भजनाला न्यायला टॅब घ्यायचा आहे: चार्जिंग आणि ऑक्स वायर एकाच वेळी चालेल असा कोणता?

पेटीवादक_म्हार्दोळ

नमस्कार मंडळी. आमच्या वाड्यावरच्या भजनी मंडळात मी पंधरा वर्षं पेटी वाजवतो. मंडळाने वर्गणी काढून टॅब घ्यायचं ठरवलंय आणि निवड माझ्यावर सोपवलीय. पैसे लोकांचे आहेत, त्यामुळे चूक झालेली मला चालणार नाही. बजेट वीस हजार, फार ताणलं तर बावीस.

आम्हाला त्यावर गेम खेळायचे नाहीत की पिक्चर बघायचे नाहीत. कामं तीनच. पहिलं तानपुरा. अ‍ॅपवर काळी दोन लावायची आणि तो आवाज ऑक्स वायरने मिक्सरला द्यायचा. दुसरं म्हणजे वह्या. बाबांच्या हातच्या चार वह्या आहेत, अभंग, गौळणी, गजर सगळं त्यात. कागद आता हात लावला तरी तुटतो, म्हणून मी पानापानाचे फोटो काढून पीडीएफ केल्यात. तिसरं काम तालमीचं रेकॉर्डिंग करून ते पेनड्राइव्हवर सगळ्यांना वाटणं.

आधीचा टॅब माझा स्वतःचा होता. त्याला खाली एकच टाइप-सी पोर्ट, हेडफोनचं भोक नाही. कन्व्हर्टर लावला की तानपुरा चालू, पण चार्जिंग बंद. गेल्या श्रावणात एका देवळात आमची पाळी ठरलेल्या वेळेपेक्षा तीन तास उशिरा आली. रूपाचा अभंग चालू असताना टॅब मेला. तानपुरा गेला तसा बुवांचा सूर क्षणभर हलला. लोकांना कदाचित कळलंही नसेल, पण मी शेजारी बसलो होतो, मला कळलं. वास्कोचा दामोदर सप्ताह म्हणजे नागपंचमीच्या दुसऱ्या दिवसापासून २४ तास अखंड भजन. अशा ठिकाणी बॅटरीच्या भरवशावर बसता येत नाही.

दुकानात विचारलं तर प्रोसेसर सांगतात, कॅमेरा सांगतात. पोर्ट विचारला की "टाइप-सी आहे ना" म्हणून विषय संपतो. कुणी असं वापरत असाल तर सांगा.

साउंडवाला_साखळी

पेटीवाले भाऊ, मी देवळांत साउंड लावतो, तुमचा प्रश्न मला दर आठवड्याला भेटतो. माझं मत स्पष्ट आहे: वेगळा हेडफोन जॅक असलेलाच टॅब घ्या. तुमच्या बजेटच्या आसपास सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब ए९ प्लस आणि लेनोव्होचा टॅब एम११ बघा. दोन्हींत साडेतीन एमएमचा जॅक आहे, मायक्रोएसडी कार्ड बसतं, आणि दोन्हींची बॅटरी ७०४० एमएएचची. भाव दुकानातच विचारा, सणाला बदलतो.

टाइप-सी हे फक्त भोकाच्या आकाराचं नाव. आत काय चालतं ते टॅबप्रमाणे वेगळं. स्वस्त कन्व्हर्टरमध्ये नुसत्या तारा असतात. टॅबने त्या पोर्टातून अ‍ॅनालॉग आवाज सोडलाच नाही तर तो कन्व्हर्टर मुका राहतो. आत डॅकची चिप, म्हणजे डिजिटल आवाजाचा अ‍ॅनालॉग करणारी चिप, असलेला घेतला तर बहुतेक ठिकाणी चालतो. चार्जिंगची सोय असलेला हबही मिळतो, पण त्यात चार्जर लावताना किंवा काढताना हब क्षणभर बंद पडून चालू होतो आणि तानपुरा तुटतो. माझ्या डोळ्यांसमोर झालंय.

आता एक गोष्ट जी दुकानदार सांगणार नाही. जॅक मिळाला, चार्जिंगही चालू केलं, की स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येऊ शकतो. टॅबचा चार्जर आणि मिक्सर दोघेही विजेला जोडलेले, मधे ऑक्सची तार, त्यामुळे अर्थिंगचं वर्तुळ तयार होतं. उपाय दोन. चार्जरऐवजी पॉवर बँक लावा, वर्तुळ तिथेच तुटतं. नाहीतर मधे ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स टाका; त्या डब्यातून आवाज पुढे जातो, पण तारेचा थेट जोड तुटतो. बहुतेक साउंडवाल्यांकडे तो असतो, हक्काने मागा.

ब्लूटूथच्या नादी लागू नका. तानपुऱ्याला आवाज थोडा मागे आला तरी बिघडत नाही, पण गर्दीत जोडणी तुटली तर तुमच्या श्रावणातल्या रात्रीसारखंच होणार. आणि सिमचा टॅब नको, वायफायवालाच घ्या. भजनात फोन वाजायला नको.

मांद्रेची_शिक्षिका

दादा, बाबांच्या वह्या जपताय हे वाचून फार बरं वाटलं. माझ्याकडे साधा आयपॅड आहे, २०२२ चा. वाचायला आणि लिहायला सुंदर, पण तुमच्या कामाला मी तो सुचवणार नाही. त्याच वर्षी साध्या आयपॅडला टाइप-सी आलं आणि हेडफोन जॅक गेला. २०२१ च्या मॉडेलला जॅक होता. कुणी तो सेकंडहँड देऊ केला तर जॅक मिळेल, पण चार्जिंगला लाइटनिंगची वेगळी केबल लागेल. मंडळातल्या कुणाच्याच खिशात ती नसेल.

मला सांगायचंय ते आकाराचं. वहीची पानं ए-४ एवढी असतील तर ११ इंची टॅब उभा धरल्यावर पान मुळाच्या साधारण ७० टक्के दिसतं. ८.७ इंची टॅबवर ५५ टक्क्यांच्या जवळ. समईच्या उजेडात, पेटीच्या पलीकडे ठेवलेला टॅब, त्यात जुनं हस्ताक्षर! लहान टॅब स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. मी पन्नाशीची आहे, सांगते ते अनुभवाने.

आणि ती पीडीएफ फक्त टॅबवर ठेवू नका. कार्डावर एक प्रत, घरी एक प्रत.

वास्को_गोदी

पावसाची काळजी घ्या. आमच्याकडे जून ते सप्टेंबर पोर्टात दमट हवा बसते, टॅब ओलावा असल्याचा इशारा देतो आणि चार्जिंग घेतच नाही. त्यात टाचणी घालू नका, फुंकू नका. पंख्याखाली ठेवा. पिशवीत सिलिका जेलच्या दोन पुड्या.

गॅलेक्सी टॅब एस९ एफई पाण्याला टिकतो, आयपी६८ आहे, पेनही सोबत येतं. पण त्याला हेडफोन जॅक नाही, म्हणजे तुमचा प्रश्न परत उभा.

पेटीवादक_म्हार्दोळ

सगळ्यांचे मनापासून आभार, देव बरें करूं. काल फोंड्याला जाऊन आलो. जाताना पिशवीत स्वतःची ऑक्स वायर, पॉवर बँक, पेनड्राइव्ह आणि बाबांच्या पहिल्या वहीची पीडीएफ घेतली होती. दुकानातला मुलगा आधी बावरला, मग त्याने स्वतःच एक स्पीकर आणून जोडून दिला.

टॅब ए९ प्लसवर वीस मिनिटं तानपुरा लावून ठेवला, खाली पॉवर बँक, बाजूला ऑक्स. आवाज स्वच्छ. मग पॉवर बँक काढून भिंतीतला चार्जर लावला, आणि साखळीचे भाऊ म्हणतात तो घूंऽऽ बारीक का होईना, ऐकू आला. आधी सांगितलं नसतं तर मी टॅबलाच दोष दिला असता.

पेनड्राइव्ह मात्र उघडला नाही. भाच्याने तो लॅपटॉपवर एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या फाइल ठेवण्याच्या पद्धतीत, फॉरमॅट केला होता. दुसरा एक्सफॅटचा लावला, लगेच दिसला. फॅट३२ घेऊ नका, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. स्टिरिओ वेव्ह रेकॉर्डिंग तासाला सुमारे ६३५ एमबी खातं, म्हणजे रात्रभराचं भजन एका फाइलीत मावणार नाही. पोर्ट यूएसबी २.० आहे, संथ म्हणतात, पण तासाभराची तालीम पेनड्राइव्हवर जायला अर्धा-एक मिनिट लागलं तर आम्हाला काय घाई आहे?

बाई, तुमचं ११ इंचांचं बरोबर आहे. बाबांचा 'ळ' शेपटी लांब ओढलेला, तो ८.७ इंचीवर 'क'सारखा दिसत होता. मोठ्यावर नीट वाचला.

मंडळाला आज कळवतो. एक राहिलं: साखळीचे भाऊ, डीआय बॉक्सला स्टिरिओ पिन थेट चालते, की दोन मोनो पिनांची वायर करून घेऊ?

साउंडवाला_साखळी

दोन मोनोची वायर करून घ्या, दोन मोठ्या पिना. तानपुरा आहे, त्यामुळे एकाच चॅनेलला डावी पिन दिली तरी भागेल, फक्त अ‍ॅपमध्ये आवाज मोनो करायला विसरू नका, नाहीतर अर्धा जोड ऐकूच येणार नाही. वायर मी सोल्डर करून देतो, फोंड्याला मंगळवारी आहे.