संगमरवरी प्लास्टिकचा जुना टेबल रेडिओ: चालवावा की नुसता जपावा? (मदत हवी आहे)

आबोली:

नमस्कार मंडळी,

मी गोव्यात फोंड्याला राहते आणि जुने व्हॉल्व्हचे (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या, काचेच्या नळ्यांचे) रेडिओ जमवते. मर्फी, फिलिप्स, नॅशनल एको असे लाकडी आणि तपकिरी बेकेलाइटचे सेट घरात आहेत, त्यातले बरेचसे वाजतात. कंडेन्सर बदलणं, व्हॉल्व्ह तपासणं इतपत काम मी स्वतः करते. पण आता हाती आलेला सेट या सगळ्यांहून वेगळा आहे, म्हणून त्याला हात लावायच्या आधी जाणत्यांना विचारावं असं वाटलं.

तो सासष्टीतल्या एका घरातून आला. तिथले आजोबा बोटीवर नोकरीला होते, त्यांनी तो बाहेरून आणला एवढंच घरच्यांना ठाऊक आहे. 'आम्ही याच्यावरच बुधवारी बिनाका गीतमाला ऐकायचो,' असं त्यांच्या सूनबाई सांगतात. घर विकायला काढल्यावर भंगारात जाऊ नये म्हणून त्यांनी तो माझ्याकडे दिला. त्यामुळे मला त्याची जरा जास्तच काळजी आहे.

सेट लहानसाच. कवच फणसाच्या गऱ्यासारखं पिवळं, त्यात तपकिरी आणि दुधी रेघा एकमेकींत मिसळत गेलेल्या. मूठ आणि बटणं गडद लाल. रेघा वरवरच्या नाहीत. मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढून आत टॉर्च धरला की उजेड कवचातून पाझरतो, आणि बाहेर दिसणारी रेघ आतल्या बाजूनेही तशीच दिसते. आतून कानशीचे ओरखडे आहेत, साच्याची शिवण कुठेच नाही. आकाराच्या मानाने वजन बरंच. मुठीचे स्क्रू सैल करून पाहिलं, तर मुठीखाली दडलेली जागा पिवळी नाही, जवळजवळ पांढरी आहे.

तळाच्या कागदावरचं कंपनीचं नाव कसरीने खाल्लं आहे. व्हॉल्व्हचा नकाशा मात्र शाबूत आहे: 12एसए7, 12एसके7, 12एसक्यू7, 50एल6, 35झेड5. खाली '105-125 व्होल्ट, एसी-डीसी' असं छापलेलं. म्हणजे माल अमेरिकन बाजाराचा.

वाचून जे कळलं त्यावरून हे कॅटालिन असावं. बेकलंड यांनी 1907 मध्ये काढलेलं बेकेलाइट आणि हे एकाच कुळातलं, दोन्ही फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून. बेकेलाइटमध्ये लाकडाची पूड वगैरे भर घालून ते तापत्या साच्यात दाबतात, म्हणून ते काळं-तपकिरी निघतं. कॅटालिनमध्ये भर नाही. पातळ रेझिन शिशाच्या साच्यात ओतायचं, भट्टीत काही दिवस मुरू द्यायचं, मग कापून-घासून हाताने चकाकी आणायची. म्हणून हे रंग आणि या रेघा. फाडा, एमर्सन, टोरांटोची ॲडिसन या कंपन्यांनी 1930च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि 1940च्या दशकात असे सेट काढले. पुढे पॉलिस्टायरिन प्लास्टिकचे स्वस्त सेट आले आणि इतकी हातमेहनत कुणाला परवडेना.

आता अडचण. वरच्या बाजूला, नेमकी 50एल6 आणि 35झेड5 यांच्या डोक्यावर, केसाएवढी एक भेग आहे. चॅसी (व्हॉल्व्ह बसवलेला आतला पत्र्याचा सांगाडा) बाहेर काढायला गेले तर ती दोन्ही बाजूंनी घट्ट बसली आहे, स्क्रू काढूनही हलत नाही. इथल्या एका मेकॅनिकने बघून सांगितलं की आधी सेटची प्लगला जाणारी ही जाडजूड कापडी वायर कापून नवी आखूड वायर आणि थ्री-पिन लावू. जुन्या वस्तूंचा व्यापार करणारे एक गृहस्थ म्हणतात, पॉलिश मारून मूळचा पांढरा रंग परत आणू, मग बघा किंमत. मी दोघांनाही थांबवलं आहे.

मला रेडिओ वाजता ठेवायला आवडतं, शोकेसमधल्या मुक्या सेटमध्ये माझं मन रमत नाही. पण तो वाजवण्यापायी हे कवच तडकलं तर ते परत कुठून आणणार? चालवावा का, आणि चालवायचा तर कसा, हे कृपया सांगा.

जुने सूर:

ताई, मेकॅनिकला थांबवलंत हे फार चांगलं केलंत. ती वायर कापू नका आणि तूर्त सेट प्लगलाही लावू नका.

या सेटमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. पाचही व्हॉल्व्हचे फिलामेंट (आतल्या तापणाऱ्या तारा) एकापुढे एक जोडलेले असतात. 12.6 व्होल्टचे तीन, एक 50चा, एक 35चा, बेरीज जवळजवळ 123 व्होल्ट. म्हणून अमेरिकेत तो थेट भिंतीच्या प्लगवर चाले. आपल्याकडे 230. मग उरलेले शंभरेक व्होल्ट कुठे जायचे? ते त्या जाड वायरीत जात. तिच्यात दोन तांब्याच्या तारांसोबत तिसरी रोधाची (विजेला अडवणारी) तार असते, लांबीभर गुंडाळलेली. फिलामेंटचा प्रवाह 0.15 अँपिअर, म्हणजे नुसत्या फिलामेंटपायी वायरीत सोळा-सतरा वॅट उष्णता. वायर गरम लागते म्हणून लोक घाबरून ती बदलतात किंवा आखूड करतात, आणि पहिल्याच चालूला व्हॉल्व्ह जळतात. मीटर लावून तिन्ही तारा मोजा, लगेच कळेल. मात्र ती सोलू नका. आतली तार पुष्कळदा ॲस्बेस्टॉसच्या दोऱ्यावर गुंडाळलेली असते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. अशा सेटमध्ये मेन्सची (भिंतीतून येणाऱ्या विजेची) एक बाजू चॅसीशी जोडलेली असू शकते. बटण निसटलं तर आतल्या दांडीला बोट लागून शॉक बसेल. पावसाळ्यात ओल्या लादीवर अनवाणी उभं राहून असा सेट हाताळणं जिवावर बेतू शकतं. आणि मेकॅनिक म्हणतोय तशी थ्री-पिनची अर्थिंगची तार या चॅसीला अजिबात जोडायची नाही.

डिचोलीवाला:

तुम्ही केलेल्या वर्णनावरून कॅटालिनच. खात्री हवी असेल तर तळाशी, न दिसणाऱ्या जागी, कापसाच्या बोळ्यावर थेंबभर ब्रासो (पितळ घासायचं पॉलिश) घेऊन हलकेच चोळा. बोळा पिवळा झाला तर फिनॉलिक, म्हणजे बेकेलाइट-कॅटालिनच्या कुळातलं. किंवा अंगठ्याने जोरात घासून वास घ्या, कार्बोलिकसारखा उग्र दर्प येतो. युरियाच्या प्लास्टिकचे रेघाळ सेटही असतात, पण त्यांच्यात ठिपके-चट्टे दिसतात, अशा वाहत्या रेघा नसतात.

मुठीखाली पांढरं दिसतंय म्हणजे सेट मुळात पांढराच होता. उजेड आणि हवा लागून वरचा पातळ थर पिवळा होतो. निळे सेट याच कारणाने हिरवे दिसतात. पॉलिशने तो थर निघतो, खाली मूळ रंग मिळतो, हे व्यापाऱ्याचं म्हणणं खोटं नाही. पण पांढरा रंग टिकत नाही, पुन्हा पिवळा पडू लागतो, आणि दर वेळी कवचाचा थोडा भाग घासला जातो. मी करणार नाही. मऊ सुती फडक्याने पुसा, फार तर साध्या मेणाचा हात द्या. खोबरेल, वार्निश काही नको.

चॅसी का अडकली सांगतो. कॅटालिन वर्षानुवर्षं आकसत राहतं, लोखंड आकसत नाही. कवच आता चॅसीला आवळून बसलं आहे. ओढू नका! भेगेला कारण नुसती उष्णता नाही, हा ताणही आहे. कवच थंड असताना, सेट उताणा ठेवून, कडेने पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवत एकेक बाजू मोकळी करायची. दोघांनी मिळून करा, एकाने कवच धरावं. निघाली की चॅसीच्या पत्र्याची कड कानशीने दोन्हीकडून जराशी उतरवा. घासायचा तो पत्रा, कवच कधीच नाही.

कोकणकडा:

माझं मत थोडं कडक आहे. असे सेट चालवूच नयेत. 35झेड5 (रेक्टिफायर) आणि 50एल6 (आउटपुट) हे दोन्ही व्हॉल्व्ह तापणारे, जागा एवढीशी, आणि हवा वर जाऊन नेमकी कवचाला लागते. आज केसाएवढी असलेली भेग उद्या स्पीकरच्या जाळीपर्यंत जाईल. चॅसी एकदा बाहेर आली की तिला साध्या लाकडी खोक्यात बसवा आणि तिथे हवी तेवढी वाजवा. कवच कपाटात, उन्हापासून दूर ठेवा. दोन्ही जपलं जाईल. जुन्या वस्तू सांभाळायच्या तर थोडं मन मारावं लागतं.

आबोली:

सर्वांचे मनापासून आभार. मीटर लावला. दोन तारा साध्या तांब्याच्या, तिसरीत सहाशेहून जास्त ओहम. म्हणजे ती वायर खरोखरच रोधाची आहे. ब्रासोचा बोळाही पिवळा झाला.

काल भाऊ आला होता, त्याच्या मदतीने चॅसी सुटली. डिचोलीवाला दादा, पट्टीची युक्ती अगदी लागू पडली. चॅसीच्या कडेला कवचाची बारीक पिवळी पूड चिकटलेली होती, इतकी ती रुतून बसली होती. भेग वाढलेली नाही.

कोकणकडा, तुमचं म्हणणं पटतं आणि तरी मन तयार होत नाही. त्या सूनबाईंना हा सेट त्याच्या मूळ रूपात एकदा तरी वाजताना दाखवावा, गीतमालेचं जुनं रेकॉर्डिंग छोट्या ट्रान्समीटरवरून लावून, असा विचार आहे. जुने सूर काका, रोधाच्या वायरीऐवजी ट्रान्सफॉर्मर लावायचा झाला तर नेमका कोणता घेऊ? दुकानात स्टेप-डाउन म्हणून बरेच मिळतात.

जुने सूर:

ताई, दुकानातले पुष्कळसे स्टेप-डाउन ऑटो प्रकारचे असतात. ते व्होल्टेज उतरवतात, पण मेन्सपासून तोडत नाहीत, चॅसी तेवढीच धोक्याची राहते. ओळखायची खूण: ट्रान्सफॉर्मर प्लगला न लावता इनपुटची एक पिन आणि आउटपुटची एक पिन यांच्यात मीटर धरा. जोड दाखवला तर ऑटो, घेऊ नका. तुम्हाला दोन वेगळ्या वाइंडिंगचा (तारेच्या गुंडाळ्यांचा), मेन्सपासून तोडणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवा, 230 आत, 110 बाहेर. सेट तीसेक वॅट खातो, तेव्हा 100 व्हीए (व्होल्ट-अँपिअर) पुष्कळ झाला. मुद्दाम 110 सांगतोय, 120 नको. आपल्याकडे रात्री व्होल्टेज 245-250 पर्यंत चढतं, मग 110चे आपोआप 120 होतात. थोडं कमी व्होल्टेज म्हणजे कवचाला तेवढी कमी आच. रोधाची वायर काढून पिशवीत चिठ्ठी लावून ठेवा, फेकू नका. तिच्या तिसऱ्या तारेचं टोक आत कुठे जोडलेलं होतं त्याचा फोटो काढा आणि फिलामेंटची साखळी तिथून थेट लाइनला जोडा.

चालू करण्याआधी मेणाचे कागदी कंडेन्सर सगळे बदला, तिथे 630 व्होल्टचे फिल्म कंडेन्सर टाका. फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरही नवे. पहिल्या वेळी ट्रान्सफॉर्मरच्या आधी 60 वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावा, एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. झगझगीत राहिला तर बंद करा, आत शॉर्ट आहे.

गीतमालेबद्दल एक शंका आहे. सूनबाईंना वाईट वाटू नये, पण काटा फिरतो त्या पट्टीवर 55 ते 160 एवढेच आकडे असतील तर सेट फक्त मीडियम वेव्हचा. 1952 पासून गीतमाला लावणारं रेडिओ सिलोन आपल्याकडे ऐकलं जायचं ते शॉर्टवेव्हवर. बहुधा घरात दुसरा मोठा सेट असणार, लोकांच्या आठवणीत दोन रेडिओंचा एक होतो. या सेटवर पणजीचं स्टेशन लागत असावं. पोर्तुगीज काळात 1946 मध्ये सुरू झालेलं एमिसोरा दे गोवा, जे मुक्तीनंतर आकाशवाणी पणजी झालं. घरच्यांना विचारून बघा, पोर्तुगीज किंवा कोंकणी कार्यक्रमांच्या आठवणी निघतील.

आबोली:

आकडे 55 ते 160च आहेत, दुसरी पट्टी नाही. सूनबाईंना फोन केला. आधी त्या मानेनात, मग त्यांनाच आठवलं की दिवाणखान्यात लाकडी ग्रुंडिग रेडिओ होता, तो 'बाबांचा'. हा पिवळा स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत असायचा आणि सासूबाई त्यावर सकाळी कोंकणी कार्यक्रम लावायच्या. तेव्हा आता गीतमाला नाही, कोंकणी गाणीच लावीन.

तुमच्या सगळ्यांच्या सल्ल्यातून मी असं ठरवलं आहे: पॉलिश नाही. कंडेन्सर बदलून चॅसी एरवी उघड्या लाकडी पेटीत वाजेल, कोकणकडा म्हणतात तशी. सूनबाई येतील त्या दिवशी चॅसी कवचात बसवून, मागचं झाकण काढून, 110वर अर्धा तास. त्याहून जास्त नाही. भेगेत सध्या काही भरत नाही. पावसाळ्यात कवच सुती कापडात, सोबत सिलिका जेल, प्लास्टिकच्या पिशवीत नाही.

एकच राहिलं. असा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर फोंडा-म्हापसा-पणजी भागात तयार मिळत नाहीये. काय करावं?

डिचोलीवाला:

तयार कशाला शोधता ताई, मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे जा. पंपाच्या मोटारी बांधून देणारे प्रत्येक तालुक्याच्या गावात आहेत, त्यातले काही ट्रान्सफॉर्मरही गुंडाळतात. कागदावर लिहून द्या: 230 ते 110, 100 व्हीए, दोन्ही वाइंडिंग वेगळ्या, मध्ये इन्सुलेशनचा कागद. आणि घेताना मीटर सोबत न्या, पैसे देण्याआधी त्यांच्या समोरच इनपुट-आउटपुटमध्ये जोड नाही ना ते बघा.