ड्रॉइंग नसलेला जॉब घ्यावा का?

शिरोलीचा_टर्नर:
शिरोली एमआयडीसीत माझे दोन लेथ (धातू कातायची यंत्रं) आहेत, जॉबवर्क करतो. परवा एक पोरगं पाइपचा तुकडा घेऊन आलं. "काका, एवढं करून द्या, रोख देतो." ड्रॉइंग नाही, कशाला पाहिजे ते सांगेना. बंदुकीसाठी तर नसेल ना, या शंकेने मी परत पाठवलं. रात्री मात्र डोळा लागला नाही. कॉलेजचं प्रोजेक्ट असलं तर? मी स्वतः शिकलो ते दुसऱ्यांच्या लेथवर, मोडलेली टूल्स भरून देत. तसं आलेल्या कुठल्याच पोराला मी आजवर हाकललं नव्हतं.

घरी पुतण्याने थ्रीडी प्रिंटर आणला, तर वहिनींचा पहिला प्रश्न, "बंदूक निघते म्हणे त्यातून?" २०१३ साली अमेरिकेत कोडी विल्सनने प्लॅस्टिकच्या पिस्तुलाच्या फाइली नेटवर टाकल्या, ती धास्ती अजून आहे. तुम्ही अशा वेळी काय करता?

चोपडेकर:
दादा, बरं केलंत. आमच्या चोपडा तालुक्याला लागून मध्य प्रदेशातलं उमर्टी आहे. तिथले गावठी कट्टे पार पुण्यात सापडतात. त्याला प्रिंटर लागला नाही, हात आणि कानस पुरली. पण म्हणून तिकडच्या लोखंडकाम येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे संशयाने बघतात, त्याचा मला राग येतो.

वकील_साताऱ्याचा:
शस्त्र कायदा १९५९, कलम ५. परवान्याशिवाय बंदूक बनवणं गुन्हा, मग लेथवर बनवा की प्रिंटरवर. २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप. प्रिंटर खुशाल वापरू द्या. तुम्ही डिलिव्हरी चलान आणि ड्रॉइंगची प्रत जपून ठेवा.

नारा_वरून:
काका, मी जपानात असतो, इथल्या यामातो-साइदाईजी स्टेशनला रोज गाडी बदलतो. ८ जुलै २०२२ला माजी पंतप्रधान शिंझो आबेंना तिथेच, स्टेशनबाहेर, घरी बनवलेल्या बंदुकीने मारलं. इतके कडक कायदे असलेल्या देशात! २०२४ला कायदा आणखी आवळला. हार्डवेअरच्या दुकानात ड्रिल मात्र आजही मिळतं, आणि मिळायलाच हवं. माझी लेक तिथूनच फळ्या आणून स्टूल बनवते. त्या माणसाने सगळं एकट्यानेच केलं. "हे कशाला रे?" असं विचारणारं मध्ये कुणी आलंच नाही, हे मला फार लागतं.

शिरोलीचा_टर्नर:
वकीलसाहेब, फाइल आजच केली. आता ड्रॉइंग नसेल त्याला माझ्याच टेबलावर बसवणार. कागद, पेन्सिल, व्हर्नियर माझं. काय बनवतोयस ते काढून दाखव, मग लेथच्या चकमध्ये (पकडीत) जॉब लावतो. त्या पोराला एवढंही म्हटलं नाही मी, नंबरसुद्धा घेतला नाही.