मदत हवी आहे: वर्तनवादातला वर्तुळदोष नक्की कुठे येतो?

नेरूळकर:
तत्त्वज्ञानाच्या एमएसाठी ८०० शब्दांची असाइनमेंट आहे. मन म्हणजे वागण्याचा कल, हे तत्त्वज्ञ राइलचं वर्तनवादी म्हणणं समजलं. पण त्यावरचा वर्तुळदोषाचा आक्षेप (व्याख्या फिरून स्वतःवरच येते, हा) कोणी उदाहरणासह उलगडून सांगेल का? वॉटसन आणि स्किनर हे मानसशास्त्रज्ञही त्यातच घ्यायचे का?

तर्कट (ठाणे):
वॉटसन एका वाक्यात आटपा. त्याचा १९१३ सालचा मुद्दा मानसशास्त्राच्या पद्धतीचा: अंतर्निरीक्षण (स्वतःच्याच मनात डोकावणं) सोडा, वर्तन तपासा. तुमचा प्रश्न मनाविषयीच्या शब्दांच्या अर्थाचा आहे. दोन्हींची खिचडी केली की असाइनमेंट फसते.

वर्तुळ कागदावर मांडून बघा. ‘तिला पाऊस येणार असं वाटतं’ म्हणजे ‘बाहेर पडताना ती छत्री घेईल’. आता जूनमधला पहिला पाऊस घ्या. तिला भिजायचंच आहे, म्हणून ती छत्री मुद्दाम घरी ठेवते. व्याख्या कोसळली. मग ‘कोरडं राहायची इच्छा असेल तर’ अशी अट जोडावी लागते. पण इच्छाही मनातलीच! तिची वर्तनातून व्याख्या करायला जा: ‘पाऊस येणार असं वाटत असेल, तर छत्री घेईल.’ निघालो होतो तिथेच परत. तत्त्वज्ञ चिझम आणि गीच, दोघांच्याही १९५७ च्या लिखाणात हा आक्षेप सापडेल.

घोडबंदर:
एक दुरुस्ती. एकाच कृतीत व्याख्या बसवण्याचा आग्रह राइलचा (१९४९) नाही. कल नाना प्रकारे प्रकट होतो, असं तो म्हणतो. वरची छत्रीची व्याख्या तत्त्वज्ञ हेम्पेलच्या जास्त जवळची. आणि वेदना होऊनही ती अजिबात न दाखवणारे पटनमचे सुपर-स्पार्टन (१९६३) इथे घुसडू नका, तो आक्षेप निराळा.

तर्कट (ठाणे):
मान्य. पण यादी कितीही लांबवली तरी प्रत्येक नोंदीला ‘इच्छा असेल तर’ चिकटतंच.

नेरूळकर:
आणि स्किनर?

घोडबंदर:
शब्द उरले तरच. बोलणं उद्दीपकाच्या (ते चेतवणाऱ्या भोवतालच्या गोष्टीच्या) नियंत्रणाखाली असतं, हा त्याच्या १९५७ च्या पुस्तकातला दावा. भाषाशास्त्रज्ञ चोम्स्कीने त्या पुस्तकाच्या १९५९ च्या परीक्षणात नेमकं तेच धरलं. तलावपाळीवर उभा राहून एक म्हणतो ‘पाणी हिरवं झालंय’, दुसरा ‘बोटिंग सुरू आहे का?’, तिसरा ‘गाडी कुठे लावलीस?’ उद्दीपक कोणता, हे प्रत्येक वेळी बोलणं ऐकल्यावरच ठरवायचं, तर ‘नियंत्रण’ म्हणून आधी काय सांगता आलं? मूल व्याकरण कसं शिकतं हाच त्या परीक्षणाचा गाभा, असं सर्रास लिहिलं जातं. तो भाग थोडका आहे. बहुतेक पानं स्किनरच्या परिभाषेची चिरफाड करण्यात गेली आहेत.