ज्युदोसारख्या कुस्तीच्या सरावात अवघड पार्टनर सहन करायचा की सरळ नाही म्हणायचं?

निळापट्टा:
ड्रिलमध्ये जो मुद्दाम अंग आखडून उभा राहतो त्याला तिथल्या तिथे बोलायलाच हवं, आणि नाही ऐकलं तर त्याच्यासोबत प्रॅक्टिसला सरळ नाही म्हणावं असं माझं ठाम मत आहे. ज्युदोत सेओइ नागे (पाठीवरून पुढे फेकण्याचा डाव) घोटवताना समोरच्याला आधीच ठाऊक असतं मी काय करणार, मग तो वजन मागे टाकून उभा राहतो आणि वर मलाच ऐकवतो की तुझा थ्रो लागत नाही. अरे, खऱ्या रांदोरीत (मोकळ्या सराव-लढतीत) असा मागे रेललास तर मी ओउची गारी (आतून पाय अडकवून मागे पाडायचा डाव) मारून तुला पाठीवरच पाडेन ना! यात दोघंही काहीच शिकत नाहीत.

जुना_गडी:
नाही पटलं भाऊ. स्पर्धेत समोरचा काय तुझ्या सोयीने उभा राहणारे का? दांडगट माणसाच्या खाली अडकलो की कोपर अंगाशी ठेवणं, फ्रेम लावणं (हातांचा अडसर करून समोरच्याला दूर ठेवणं), श्वास न रोखणं हे आपोआप येतं, मऊ पार्टनरकडून ते कधीच येत नाही. आणि सारखं नाही म्हणणाऱ्याला पुढे पुढे कोणी विचारत पण नाही.

हलकं_वजन:
तुम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय. आखडणारा वैताग देतो, पण झटका मारणारा गुडघा घेऊन जातो. हील हूक या पायाच्या पेचात टाच पिळली जाते आणि लिगामेंट जातं गुडघ्याचं, नीट दुखायला लागेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो, त्यामुळे टॅपची (हार मानल्याची थाप) वाट बघत जोरात पिळणाऱ्याकडून काय डोंबल शिकायचं? आणि हे फक्त नवशिक्यांचं नाही, १९८० मध्ये जपानी ज्युदोपटू यामाशिताचा पाय कानी बासामीत (पायांची कात्री करून पाडायच्या डावात) मोडला, समोर एंडोसारखा तगडा खेळाडू होता. आज तो थ्रो ज्युदोत बंद आहे. माझ्यासारख्या कमी वजनाच्या मुलीला "सहन कर, शिकशील" सांगणं मला अजिबात मान्य नाही.

जुना_गडी:
हील हूकचं मान्य ताई, तिथे वादच नाही. पण बहुतेक दांडगट लोक घाबरलेले असतात हो, नवीन माणूस हरायच्या भीतीने ताकद लावतो. राउंड सुरू व्हायच्या आधीच "आज अर्ध्या जोराने खेळू, माझा खांदा जपतोय" एवढं म्हटलं तरी निम्मे लोक ऐकतात. टाळलं तर तो सुधारणार कधी?

निळापट्टा:
नवीन माणसाला मी पण सांभाळून घेतो. माझा राग वर्षानुवर्षं मॅटवर असलेल्यांवर आहे. कानोंनी १८८२ मध्ये ज्युदो सुरू केला आणि पुढे जिता क्योएई, म्हणजे दोघांचंही भलं, हे त्याचं तत्त्व म्हणून मांडलं, ते यांना तोंडपाठ असतं आणि पार्टनरला आपटताना आठवत नाही. त्यांना सुधारायचा ठेका मी का घेऊ, माझ्या खांद्याच्या जिवावर?

हलकं_वजन:
ते काम कोचचं आहे. जोड्या कोच लावतो, मग कोण कोणाला दुखावतंय हे त्याला सांगणं म्हणजे चुगली नव्हे.

जुना_गडी:
कोचला सांगा, जरूर सांगा. पण आधी त्या माणसाच्या तोंडावर एकदा बोला, हे मी सोडणार नाही.