लसूण नको, आणि फक्त कुत्र्यावर उपचार करून भागत नाही
कुत्र्याच्या अंगावरच्या पिसवा घालवायला त्याला लसूण खाऊ घालण्याचा आणि टी ट्री तेल चोळण्याचा उपाय सुचवला जातो. कृपया दोन्ही करू नका. लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि टी ट्री तेल तो अंग चाटताना पोटात जातं. तेही विषारीच.

साध्या शाम्पूने फेस करून पाचेक मिनिटं ठेवला की अंगावरच्या बऱ्याच पिसवा मरतात. आधी मानेभोवती फेसाचं कडं करा, नाहीतर त्या डोक्याकडे पळतात. नंतर बारीक दातांची फणी फिरवायची आणि निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात टाकायच्या. (नखाने चिरडण्याचा मोह आवरा.) पण आंघोळीचा परिणाम टिकत नाही, कारण अंगावर दिसतात त्या जेमतेम ५ टक्के. बाकी अंडी, अळ्या आणि कोष अंथरुणात, गालिच्यात, फरशीच्या फटीत असतात. कोषातली पिसू तर कित्येक महिने दबा धरून बसते. म्हणून अंथरूण ६० अंशांच्या पाण्यात धुवा, आणि व्हॅक्यूम रोज फिरवा, निदान काही आठवडे. त्याच्या हादऱ्याने कोष फुटून दबलेल्या पिसवा बाहेर येतात, ते आपल्या फायद्याचंच, कारण मग त्या मारता येतात.

मानेवर टाकायचं औषध वजनाप्रमाणेच घ्या. मोठ्या कुत्र्याची मात्रा अर्धी करून पिल्लाला देणं धोक्याचं. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन (एक कीटकनाशक) असलेलं औषध आणूच नका, मांजराच्या जिवावर बेततं. पिल्लू ८ आठवड्यांच्या आतलं असेल किंवा कुत्र्याच्या हिरड्या पांढुरक्या दिसत असतील, तर घरगुती प्रयोग सोडून थेट पशुवैद्याकडे न्या.