एका शनिवारात भागत नाही

विद्यार्थी संस्थेच्या शाखेत नव्या पदाधिकाऱ्यांना एक शनिवार बसवून सगळं कामकाज समजावलं की पुरे, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. फाय थीटा कॅपा ही गुणवंत विद्यार्थ्यांची संस्था १९१८ पासून अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या कॉलेजांसाठी आहे. तिथे मुलं मुळात थोडाच काळ असतात. काम अंगवळणी पडेपर्यंत निघायची वेळ होते.

मी या संस्थेच्या अशाच एका कॉलेजातल्या शाखेची खजिनदार झाले तेव्हा हातात फक्त एक निळी फाइल आली. बँकेत सह्या बदलून घ्यायच्या असतात, हे कुणी बोललंच नाही. आधीची खजिनदार तोवर दुसऱ्या राज्यात गेली होती. खात्यातून पैसे काढता येईनात, म्हणून नव्या सदस्यांच्या स्वागत समारंभाच्या मेणबत्त्या, फुलं, सगळं आम्ही पदरच्या पैशांनी आणलं. फार वाईट वाटलं होतं तेव्हा.

म्हणून कॉलेजचं सत्र संपायच्या निदान महिनाभर आधी निवडणूक घ्या. शेवटच्या दोन बैठका नव्यांना चालवू द्या, जुन्यांनी शेजारी बसावं. इतिवृत्त नव्या चिटणीसाने लिहावं, जुन्याने तपासावं. आणि बँकेत दोघांनी मिळून जावं, सल्लागार शिक्षकांना घेऊन. पासवर्ड मात्र कुणाच्या खासगी ईमेलवर ठेवू नका, शाखेच्याच ठेवा.